बारावी नागरिक आणि एक वाजून पाच मिनिटांची बस

थोरले साडूभाऊ,

तीर्थरूप लिहावं तर तुम्ही माझ्याहून जेमतेम दीड वर्षाने मोठे, आणि प्रिय लिहावं तर ते आपल्या दोघांनाही खोटं वाटेल. म्हणून नुसतंच ‘थोरले साडूभाऊ’ लिहून या धाकट्या साडूचा नमस्कार तुमच्यापुढे ठेवतो. त्यातला अर्धा ताईंना द्यावा. (त्या माझ्या मेहुणी असल्या तरी मी त्यांना पहिल्यापासून ताईच मानत आलो आहे. त्या मला काय मानतात ते गेल्या आठवड्यात फोनवर कळलं.) तुमची कंबर आता कशी आहे? ड्रायव्हिंग स्कूल चालवायचं, म्हणजे दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि दर दोन मिनिटांनी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा. कंबर काय म्हणेल बिचारी! शेक घेत जा. इकडे मी अगदी मजेत आहे. मजेत म्हणजे, सकाळी उठून चहा करतो, तो बेसिनमध्ये ओततो, दुसरा करतो, आणि तो पिऊन ऑफिसला जातो. दोन्ही वेळा सवयीने दोन कप टाकले जातात, त्यामुळे चहाची पावडर लवकर संपते, एवढी एक अडचण सोडली तर तक्रारीला जागा नाही.

पत्र लिहायचं कारण असं की फोन तुमच्याकडे ताई उचलतात आणि ‘ती झोपलीय’ म्हणून ठेवून देतात. सकाळी अकराला झोपलेली, दुपारी चारला झोपलेली, संध्याकाळी साडेसहाला पण झोपलेलीच. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण या बाईला मी दिवसाउजेडी डोळा मिटताना पाहिलेलं नाही. तेव्हा म्हटलं, लेखी बरं. शिवाय तुमचं पत्र आलेलं आहे, त्याला उत्तर देणं हे माझं कर्तव्य आहे. तुम्ही लिहिता की, ‘धाकटी आमच्याकडे सुखरूप आहे. ती म्हणते, त्यांना मी दिसलेच नाही, त्यांची काही चूक नाही.’ इथवर पत्र छान होतं. पण त्याखाली तुम्ही स्वतःच्या पदरच्या सतरा ओळी घातल्या आहेत, त्यांत मला ‘चाकावरचा दगड’ म्हटलं आहे आणि तीन ठिकाणी उद्गारचिन्हं दिली आहेत. साडूभाऊ, नाण्याची दुसरी बाजू ऐकून न घेता उद्गारचिन्हं देऊ नयेत. म्हणून झाला प्रकार पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुमचा गैरसमज दूर होईल आणि हिला (तिला वाटल्यास, माझा आग्रह नाही) घरी परत यायला मोकळीक होईल.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी बस खात्याच्या वेळापत्रक कक्षाचा मुख्य कारकून. आमच्या खोलीत चार टेबलं, एक भिंतभर नकाशा, आणि खिडकीतून डेपोचं मागचं फाटक दिसतं. त्या फाटकातून जी बस वेळेवर सुटते ती माझ्यामुळे, आणि जी उशिरा सुटते ती चालकामुळे, असं एकतीस वर्षं चाललेलं आहे. धावत येणाऱ्या प्रवाशासाठी बस थांबवू नये, हे परिपत्रक माझंच. (त्याचं कारण साधं आहे: एकासाठी थांबलं की त्याला पाहून दुसरा धावायला लागतो.) सगळं सुरळीत होतं, आणि त्यात नदीच्या घळीकडे जाणाऱ्या बस रिकाम्या धावू लागल्या. घळीकडच्या वस्तीतली माणसं एकेक करून तुमच्यासारख्यांकडे जाऊन गाडी शिकली. तुम्ही महिन्याला तीस माणसं शिकवता म्हणजे महिन्याला तीस माणसं आमच्या बसमधून खाली उतरवता, हे मी तुम्हाला पूर्वी जेवताना म्हणालो होतो आणि तुम्ही हसला होता. तर अधीक्षकसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, सुट्टीच्या दिवशी शहरातल्या लोकांना निसर्ग लागतो. घळीतल्या पायवाटांवर एक पुस्तिका काढा, वाट थांब्यापासून सुरू झाली पाहिजे आणि थांब्यापाशी संपली पाहिजे. लोकांना बसने न्या आणि बसने आणा.

मी पुस्तिका अकरा दिवसांत लिहिली. अकरा वाटा, दिवसाला एक. त्यासाठी घळीत गेलो होतो का, असं तुम्ही विचाराल. साडूभाऊ, मी एकशे चौदा मार्गांची वेळापत्रकं केली आहेत, त्यांतल्या शंभरावर मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. त्याने कुणाचं काही अडलं नाही. भिंतीवरच्या नकाशावर हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा वळणावळणाने लावायचा, मग तो पट्टीवर मोजायचा, झालं अंतर. वेळेचं तर त्याहून सोपं. वरच्या थांब्यावर बस नऊ चाळीसला पोचते, खालच्या थांब्यावरून परतीची बस एक पाचला सुटते, म्हणजे मधली वाट तीन तास पंचवीस मिनिटांची. चहापाण्याची दहा मिनिटं वजा केली की सव्वातीन तास. वाट क्रमांक चार पूर्वी चार तासांची होती, पण छपाईच्या सुमारास चालकांच्या जेवणाची सुट्टी पाऊण तास अलीकडे आली, म्हणून ती सव्वातीन तासांची झाली. वाट क्रमांक नऊ सात तासांची दिली आहे, कारण मध्ये बसच नाही. (एका सेवानिवृत्त जोडप्याचं पत्र आलं की ती वाट वीस मिनिटांत संपली आणि उरलेला दिवस त्यांनी थांब्यावर भांडण्यात काढला. त्यांचा अभिप्राय एकंदरीत चांगला होता.) ‘उंटावरून शेळ्या हाकणं’ म्हणतात ते हेच, असं ही तेव्हाच म्हणाली होती, पण ती पुस्तिका वाचून नाही, दोरा परत मागताना.

पुस्तिका छापून झाली आणि अधीक्षकसाहेबांच्या मनात आलं की उद्घाटन म्हणून एक प्रात्यक्षिक सहल काढावी. ते स्वतः, पुस्तिकेचा लेखक म्हणून मी, आणि बारा नागरिक. वर्तमानपत्रात निवेदन दिलं, फलक लावले, आणि नागरिक जमले अकरा. फॉर्मवर तर बारा छापलेले. तेव्हा बारावी नागरिक म्हणून मी हिचं नाव घातलं. आता यावर तुम्ही पत्रात जे काही लिहिलं आहे ते मी वाचलं. होय, ती कित्येक वर्षं म्हणत होती की एकदा घळ बघायला जाऊ; होय, तुम्ही तुमच्या गाडीतून न्यायला तयार होता आणि मी ‘घरात बस असताना गाडी कशाला’ असं म्हणालो होतो. पण नेली की नाही शेवटी? नागरिक म्हणून का होईना! ती दुसऱ्या दिवशी जाऊन नवे बूट घेऊन आली, लाल नाड्यांचे, आणि संध्याकाळी ते घालून स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत वीस फेऱ्या मारल्या. कपाटातला जुना कॅमेरा काढून पुसला. आदल्या दिवशी माणशी दोन असा हिशोब करून अठ्ठावीस अंडी उकडली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली होती ते आठवत बसलो तर पत्र लांबेल.

सकाळी बस अगदी वेळेवर वरच्या थांब्यावर पोचली. मी सगळ्यांच्या छातीला एक ते बारा क्रमांकाचे बिल्ले लावले, हिलाही लावला, आणि वाट क्रमांक चारने निघालो. पहिला अर्धा तास पुस्तिका आणि निसर्ग यांचं बरं जमलं. खाली नदी, दोन्हीकडे उभे कडे, कड्यांच्या भेगांतून उगवलेली झाडं. खरं सांगतो, बघण्यासारखं आहे, मी वर्णनात लिहिलं होतं त्याहून बरं आहे. पण नंतर एक तांत्रिक अडचण ध्यानात आली. दोऱ्याला चढउतार कळत नाही. मी जिथे ‘वाट किंचित उतरते’ असं लिहिलं होतं तिथे लोखंडी शिडी होती, ती संपली की दुसरी शिडी, आणि दुसरी जिथे संपायला हवी त्याच्या जरा आधीच संपत होती. ‘ओढा ओलांडावा’ असं लिहिलेल्या जागी अकरा दगड होते, पैकी नऊ पाण्याखाली. क्रमांक तीनच्या नागरिकाने (ते औषधांच्या दुकानात असतात आणि स्वभावाने तिरसट आहेत) पुस्तिका काढून ‘कुटुंबासह जाण्यास योग्य’ हे वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि कुणाचं कुटुंब, असं विचारलं. मी म्हटलं, सर्वसाधारण.

साहेबांचे बूट ऑफिसचेच होते, चकचकीत, गुळगुळीत तळाचे. ओढ्याच्या सातव्या दगडावर त्यांच्या उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला आणि दर पावलाला फटक फटक वाजू लागला. सगळे नागरिक माना वळवून कड्यांकडे बघू लागले. साहेब एका खडकावर बसले आणि मला म्हणाले, आता काय? साडूभाऊ, माझी बढती गेली चार वर्षं त्यांच्या टेबलावर पडून आहे. तेवढ्यात हिने खाली बसून आपल्या बुटाची लाल नाडी सोडली, साहेबांच्या बुटाला वरून-खालून तिचे चार वेढे दिले आणि अशी करकचून गाठ मारली की तळ हलेना. साहेब ‘वा!’ म्हणाले, उठले आणि चालू लागले. हिच्या एका पायातला नवा बूट तिथून पुढे नाडीविना. दर दहा-बारा पावलांनी तो निघायचा, ही थांबून घालायची. मी तिला दोनदा म्हणालो, जरा उरक. (तिने तुम्हाला हे सांगितलं आहे की नाही ठाऊक नाही. सांगितलं नसल्यास सोडून द्या.) आणि ती मात्र बूट घालण्याच्या निमित्ताने थांबली की कॅमेरा काढायची आणि फोटो घ्यायची, शिवाय मागे राहिलेल्या नागरिकांना अंडी वाटायची. वेळापत्रकाशी असं वागल्यावर काय होणार!

बारा वाजून गेले तेव्हा आम्ही तळाला होतो आणि खालचा थांबा (त्याला खालचा म्हणतात, कारण तो वरच्या थांब्यापेक्षा खाली आहे) आमच्या डोक्यावर रस्त्याच्या कडेला होता. मध्ये पायऱ्या. पुस्तिकेत ‘थोड्या पायऱ्या’ असं आहे. त्या चारशे अठरा निघाल्या. पुस्तिकेची अब्रू आता माझ्या पायांत होती. लोक तीन तास पंचवीस मिनिटांत पोचले तर पुस्तिका खरी, नाही पोचले तर एकतीस वर्षं खोटी. मी पुढे होऊन पळतच वर गेलो, चालकाला भेटलो, बस लागलेली होती. मग एकेक नागरिक वर यायला लागला. कुणी लाल झालेला, कुणी पांढरा. औषधवाले आले आणि सीटवर आडवे झाले. एक वाजून दोन मिनिटांनी साहेब आले, नाडी शाबूत. ते पुढच्या सीटवर बसले, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसले. चार वर्षांत साहेब माझ्याकडे बघून कधी हसले नव्हते. एक पाच झाले आणि मी घंटीची दोरी ओढली. बस सुटली. घाटाचं दुसरं वळण घेतल्यावर साहेबांनी बिल्ले मोजले आणि बारा क्रमांक कुठेय असं विचारलं.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. मला ही दिसली कशी नाही? अहो, कशी दिसणार? एक तर त्या बाजूच्या काचेवर धूळ होती. शिवाय ऊन नेमकं डोळ्यांवर येत होतं. त्यातून मी त्या वेळी तिकिटांची गोळाबेरीज करत होतो, म्हणजे मान खाली. आणि मला वाटलं, ती आधीच येऊन मागच्या सीटवर बसली असेल. चालक काहीतरी पुटपुटला खरा, पण इंजिनच्या आवाजात ऐकू येतं का! यांतलं कुठलंही एक कारण पुरेसं आहे. मी चार दिली आहेत. आणि मुख्य म्हणजे ती स्वतःच म्हणते आहे ना, की त्यांना मी दिसलेच नाही? मग तिचं म्हणणं खोटं पाडणारा मी कोण? वळणावर साहेबांनी विचारलं तेव्हा मी ‘बारा क्रमांकाला उशीर झाला’ एवढंच म्हणालो. बस मागे वळवायला घाटात जागा नसते. पुढची बस पाच पन्नासला होतीच. थांब्यावर बाक आहे, असं पुस्तिकेत आहे. (बाक नकाशावर आहे. प्रत्यक्षात बसवायचा राहिला आहे.) मी घरी आलो, पाय गरम पाण्यात घालून बसलो आणि सातची वाट बघितली, मग आठची, मग नऊची. नवाला तुमचा फोन आला की ती पाच पन्नासच्या बसने इकडे न येता तुमच्या गावच्या बसने तुमच्याकडे आली आहे, आणि तिला बोलायचं नाही. एवढं सांगून तुम्ही ठेवलात.

पुढची गंमत ऐका. तिसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर सूचना फलकावर माझं प्रशस्तिपत्र. साहेबांनी स्वतः मजकूर केला होता: ‘वेळपालनाच्या बाबतीत स्वतःच्या कुटुंबीयांसही सूट न देणारे कर्मचारी.’ खाली शिक्का. बढतीही झाली, पहिल्या तारखेपासून लागू. साहेबांनी सांगितलं की आता हा किस्सा नव्या चालकांच्या प्रशिक्षणात सांगणार. मी कॅन्टीनमध्ये गेलो की टेबलावरचं बोलणं बंद पडतं. टाइपिंगवाल्या बाई पूर्वी माझ्या कागदांवर पेपरवेट ठेवायच्या, आता पेपरवेट आपल्याकडे ठेवून कागद उडू देतात. आणि घळीच्या बसचा तो चालक रोज सकाळी फाटकातून निघताना खिडकी खाली करतो आणि विचारतो, ‘बाई पोचल्या का?’ मी रोज हो म्हणतो. रोज विचारतो मेला. एकोणीस दिवस झाले.

मधल्या काळात तुमच्या पत्रातून कळलं की ही तुमच्याकडे गाडी शिकते आहे. वाचून माझ्या पायाखालची जमीन सरकली. वेळापत्रक कक्षाच्या मुख्य कारकुनाची बायको, आणि गाडी! लोक काय म्हणतील, हा भाग सोडा. पण तुम्ही लिहिता की तिचा हात चांगला बसला आहे, ब्रेक तुम्हाला क्वचितच दाबावा लागतो आणि परवा ती तुम्हाला शेजारी बसवून स्वतः चालवत पंपापर्यंत जाऊन आली. साडूभाऊ, तुमच्या शाळेत पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच असं सांगतात का, की हे खरं आहे? खरं असेल तर तसं कळवा. मला नुसतं माहीत असलेलं बरं. कारण गाडी यायला लागली की माणसाला बसची गरज उरत नाही, हे मी खात्यात गेली दहा वर्षं आकडेवारीनिशी सिद्ध करत आलो आहे.

असो. तुमचा गैरसमज दूर झाला असेल अशी आशा आहे. घरी सगळं व्यवस्थित आहे, कसलीही घाई नाही, तिला हवं तेवढं राहू द्या. ताईंच्या हातची शिस्त चांगली. तुम्ही कंबरेला जपा, मी पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीच्या कामात आहे.

तुमचा, नात्याने धाकटा आणि आता हुद्द्याने वरचा,
साडू

ता. क. पुस्तिकेवरून आठवलं. दुसऱ्या आवृत्तीत वेळा दुरुस्त करायच्या आहेत. त्या वाटेवरून सावकाश आणि नीट बघत चाललेली व्यक्ती आमच्या माहितीत एकच आहे. तेव्हा हिला विचारून कळवावं की त्या चारशे अठरा पायऱ्या एका बुटात चढायला खरोखर किती मिनिटं लागतात. उत्तर तिनेच लिहिलं तरी चालेल. दोन ओळी पुरेत. नुसता आकडा पाठवला तरी चालेल, पण अक्षर तिचं असावं, म्हणजे माहिती प्रत्यक्ष अनुभवाची आहे हे खात्याला दाखवता येईल. तिने घेतलेल्या फोटोंतला एखादा आला तर मुखपृष्ठाला घेता येईल. माझा त्यात एकही नसणार, ते मी समजू शकतो.

आणखी ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. गेल्या सोमवारी तुमच्या गावची बस बंद झाली आहे, ती आमच्या टेबलावरून. झालं असं की तुमच्या पत्रातल्या सतरा ओळी वाचून माझा तोल गेला आणि हिला पुन्हा तिकडे जाता येऊ नये म्हणून मी ‘प्रवासी अपुरे’ असा शेरा मारून प्रस्ताव ठेवला. बढतीनंतर साहेब माझ्या कागदांवर न वाचता सही करतात. सही झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ती तिकडे गेलेलीच आहे. म्हणजे बंद झालं ते तिचं जाणं नाही, येणं. आणि माझंही जाणं. बस पुन्हा सुरू करायला समिती लागते, समिती पुढच्या तिमाहीत आहे. एकतीस वर्षं वेळापत्रकं केली आणि शेवटी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. तेव्हा साडूभाऊ, विनंती अशी की येत्या रविवारी तुमची गाडी पाठवा. होय, गाडी. वर गाड्यांबद्दल जे काही लिहिलं आहे ते, आणि गेल्या वीस वर्षांत जेवताना जे काही बोललो असेन ते, सगळं मागे घेतो. हवं तर खाली सही करून देतो. चालवायला शिकाऊ माणूस असला तरी चालेल. तीच चालवणार असेल तर मी मागे बसेन आणि तोंडातून चकार शब्द काढणार नाही. घर खायला उठतंय हो. एका माणसाच्या घरात घड्याळ किती मोठ्याने वाजतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवून टपालपेटीपर्यंत गेलो होतो. तिथून परत आलो आणि वाफेवर धरून उघडलं, म्हणून वरची बाजू वाकडी दिसेल. साडूभाऊ, काचेला धूळ नव्हती. ऊन दुसऱ्या बाजूला होतं. तिकिटं मी सकाळीच मोजली होती. शेवटच्या चाळीसेक पायऱ्या उरल्या होत्या, ती एक बूट हातात घेऊन, एका अनवाणी पायाने चढत होती. चालक पुटपुटला नाही, त्याने स्वच्छ विचारलं होतं, साहेब, तुमच्या बाई येताहेत, थांबू ना? तिने मला खिडकीत पाहिलं आणि हसून हात वर केला. मी तिला घड्याळ दाखवलं आणि दोरी ओढली. तिचा हात हळूहळू खाली आला, तोसुद्धा मी पाहिला. तिलाही ठाऊक आहे की मी पाहिलं. आमची नजरानजर झाली होती. तरी तुमच्या घरात, तुमच्या आणि ताईंच्या समोर माझी मान खाली जाऊ नये, म्हणून ती एकोणीस दिवस सांगते आहे की त्यांना मी दिसलेच नाही. हे तिला वाचून दाखवू नका. एवढं मला तिच्यापुढे उभं राहून माझ्या तोंडाने सांगायचं आहे. गाडी तेवढ्यासाठी हवी आहे.